तळ्याकाठचे आणि सांडव्याखालचे

धरण म्हटले की आपल्या चळवळीच्या डोळ्यांपुढे विस्थापित उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. कोयनेपासून नर्मदेपर्यंत ज्यांची गावे पाण्याच्या पोटात गेली त्यांच्या बाजूने लढण्यात समाजवादी कार्यकर्त्यांच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या. परंतु धरणाला जशी वरची बाजू असते तशी खालचीही असते. वरच्या माणसाचे घर एकदा बुडते. खालच्या माणसाचे घर बुडण्याची शक्यता दर पावसाळ्यात नव्याने जन्म घेते. मोठ्या धरणांच्या बाबतीत निदान सरकारी कागदावर तरी या खालच्या माणसाचा विचार होतो. लहान धरणाच्या बाबतीत तो क्वचित होतो. आणि ज्या लहान धरणाचे मूळ काम संपले असून जे आता नौकाविहार, बाग आणि रविवारची गर्दी एवढ्यासाठीच उरले आहे, त्याच्या बाबतीत तर तो कोणीच करीत नाही. करमणुकीचे तळे शांत दिसते. त्याला कोणी धोका मानीत नाही.

नागपूरकरांना हा धोका २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कळला. अंबाझरीचा तलाव एकोणिसाव्या शतकात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी मातीचा बांध घालून सिद्ध झाला. कित्येक दशके झाली, शहर ते पाणी पीत नाही. तलाव उरला तो उद्यानासाठी, होड्यांसाठी आणि सायंकाळच्या फेरफटक्यासाठी. त्या रात्री काही तासांच्या मुसळधार पावसाने तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदीने पात्र सोडले आणि खालच्या वसाहतींत लोक झोपेत असतानाच हजारो घरांत पाणी शिरले. माणसे दगावली. बांध फुटला नाही, हे नागपूरचे नशीब. पण पाणी ओसरल्यावर पीडित रहिवाशांनी एक साधा प्रश्न विचारला आणि तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत नेला: सांडव्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या वाटेत स्वामी विवेकानंदांचे स्मारक उभारण्याची परवानगी कोणी व कशी दिली? स्वामीजींच्या थोरवीविषयी येथे वाद नाही. वाद आहे तो जागेविषयी. सांडवा ही धरणाची मोकळी ठेवण्याचीच जागा. ती काठावरून पाहणाऱ्याला नेहमी रिकामी व वाया गेलेली वाटते आणि तेथे काहीतरी शोभिवंत करण्याचा मोह होतो.

या मोहाची किंमत काय असते, याची सर्वांत पूर्ण नोंद नागपुरात नव्हे, तर अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात सापडते. जॉन्सटाउनचा १८८९ चा महापूर आपल्याकडे अर्थशास्त्राच्या वर्गात शिकविला जात नाही. मी तो माझ्या विद्यार्थ्यांना शिकवीत असे, कारण मालमत्ता, जोखीम आणि वर्ग या तीन शब्दांचा परस्परसंबंध इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे उदाहरण मला आढळले नाही.

साउथ फोर्कचे धरण सरकारने बांधले होते. जॉन्सटाउन ते पिट्सबर्ग या कालव्याला उन्हाळ्यात पाणी कमी पडे म्हणून डोंगरात मातीचा बांध घालून तलाव करण्याचे राज्याने ठरविले. उंची सुमारे बहात्तर फूट, लांबी नऊशेहून अधिक फूट. ते काम १८५३ मध्ये पुरे झाले तेव्हा रेल्वे येऊन ठेपलीच होती आणि कालव्याचे दिवस भरले होते. १८५७ मध्ये राज्याने कालवा आणि त्यासोबत हे धरण पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीला विकून टाकले. रेल्वेला धरणाचा उपयोग नव्हता. तिने त्याकडे पाहिलेही नाही. १८६२ मध्ये बांधाचा काही भाग खचला. तळ्यात पाणी कमी होते म्हणून अनर्थ टळला आणि अनर्थ टळला म्हणून कोणी बोध घेतला नाही. १८७५ मध्ये एका लोकप्रतिनिधीने ती जागा विकत घेतली. पायथ्याशी पाणी सोडण्यासाठी ओतीव लोखंडाचे पाच नळ होते; त्याने ते उपसून भंगारात विकले. त्या क्षणापासून हे तळे मनुष्याच्या इच्छेने रिकामे करता येण्याजोगे राहिले नाही. भंगाराचे किती डॉलर आले हे येथे गौण आहे. नळ त्याच्या मालकीचे होते, ते विकण्यास त्याला कोणत्याही कायद्याचा प्रतिबंध नव्हता, आणि खाली चौदा मैलांवर राहणाऱ्या लोकांची परवानगी घ्यावी हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या धंदेवाईक माणसाने ती जागा घेतली आणि पिट्सबर्गच्या धनिकांसाठी ‘साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब’ स्थापन केला. पोलादाचे अँड्र्यू कार्नेगी, कोळशाचे हेन्री क्ले फ्रिक, पेढीवाले अँड्र्यू मेलन अशी साठेक माणसे त्याचे सभासद. सत्तेचाळीस खोल्यांचे क्लबगृह, काठाने बंगले, तळ्यात शिडाच्या आणि वाफेच्या नौका, आणि मुद्दाम आणून सोडलेले मासे. पिट्सबर्गचा धूर ज्यांच्या भट्ट्यांतून निघे ते तो धूर चुकविण्यासाठी येथे येत.

या मंडळींनी धरणाला काय केले ते नीट पाहण्याजोगे आहे, कारण त्यात दुष्टपणा कोठेच नाही. खचलेला भाग त्यांनी माती, दगड, झाडांच्या फांद्या आणि गवत टाकून बुजविला. कामावर धरणाचा अनुभवी अभियंता नव्हता. काढलेले नळ पुन्हा बसविले नाहीत. बांधाच्या माथ्यावरून दोन घोडागाड्या समोरासमोर जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फुटांनी उतरवून रुंद केला. आणि विकत आणलेले मासे सांडव्यातून निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या बसविल्या. रस्ता रुंद हवा, मासे आत राहावेत, तळे काठोकाठ दिसावे: सुटीवर आलेल्या सभ्य माणसाच्या या तीन निरुपद्रवी अपेक्षा. त्यांतील प्रत्येकीने धरणाच्या सुरक्षिततेतून थोडे थोडे काढून घेतले.

खालच्या लोकांना याची कल्पना नव्हती असे नव्हे. जॉन्सटाउन हे कँब्रिया आयर्न कंपनीचे गाव. वेल्श, जर्मन, आयरिश कामगारांच्या वस्त्या दोन नद्यांच्या संगमावरील अरुंद खोऱ्यात दाटलेल्या. कंपनीचे व्यवस्थापक डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन या आपल्या तज्ज्ञाला धरण पाहण्यास धाडले. फुल्टनने दोन गोष्टी लिहून दिल्या: तळे रिकामे करण्याची सोय नाही, आणि दुरुस्ती भक्कम नाही, बांधातून पाणी झिरपते आहे. मॉरेलने तो अहवाल क्लबला पाठविला. धरण सुरक्षित करण्याच्या खर्चात आपली कंपनी वाटा उचलील, असेही कळविले. रफने उत्तर दिले की आमच्या उपक्रमापासून तुम्हाला कसलेही भय नाही. विषय तेथे संपला. मॉरेल १८८५ मध्ये वारले, रफ त्यानंतर दोन वर्षांनी. (कँब्रिया कंपनी स्वतः धुतल्या तांदळासारखी होती असे मात्र कोणी समजू नये. भट्ट्यांची मळी नदीकाठी टाकून पात्र अरुंद करण्यात तिचा हात होता. मॉरेलची चिंता कामगारांच्या झोपड्यांची किती आणि कारखान्याची किती, हे आज कोण सांगणार?)

३० मे १८८९ च्या रात्री डोंगरात प्रचंड पाऊस झाला. ३१ तारखेला सकाळी तळे तासातासाने चढू लागले. पुराबरोबर आलेला पालापाचोळा आणि ओंडके माशांच्या जाळ्यांत अडकून सांडवा तुंबला. क्लबचे अध्यक्ष आणि तेथे दुसऱ्या कामावर असलेले इटालियन मजूर भर पावसात जाळ्या उपसू लागले, माथ्यावर नांगर धरून माती चढवू लागले, दुसऱ्या टोकाला नवा चर खणू लागले. एक तरुण अभियंता घोड्यावरून खालच्या स्थानकात गेला, तारा सुटल्या. पण धरण फुटल्याची आवई त्या खोऱ्यात दर वर्षी उठत असे, आणि त्या दिवशी गावाच्या रस्त्यांत पुराचे पाणी आधीच होते. दुपारी तीनच्या सुमारास पाणी माथ्यावरून गेले आणि बांध मधोमध सुटला. सुमारे दोन कोटी टन पाणी चौदा मैल धावत, वाटेतील गावे, रेल्वेची इंजिने आणि झाडे सोबत घेऊन, तासाभरात जॉन्सटाउनवर कोसळले. खालच्या टोकाच्या दगडी रेल्वेपुलाने तो सगळा ढिगारा अडविला. त्यात जिवंत माणसे होती आणि त्याला आग लागली. मृतांची संख्या २,२०९ नोंदविली गेली. नव्व्याण्णव कुटुंबे समूळ गेली. सातशेहून अधिक प्रेतांची ओळखच पटली नाही. ती एका दफनभूमीत निनावी दगडांखाली ओळीने पुरलेली आहेत.

आणि नुकसानभरपाई? क्लबवर दावे झाले, एकही टिकला नाही. क्लबच्या नावावर गहाण पडलेल्या इमारतीपलीकडे फारसे काही नव्हते आणि सभासदांच्या खासगी संपत्तीला हात लावण्यास कायदा तयार नव्हता. सभासदांपैकीच फिलँडर नॉक्स हे नामांकित वकील. पुढे ते अमेरिकेचे महान्यायवादी व परराष्ट्रमंत्री झाले. घडले ते ईश्वरी करणीने, असा बचावाचा सूर होता. आपल्या भाषेत बोलायचे तर सुलतानी होती ती अस्मानी ठरली. कार्नेगींनी जॉन्सटाउनला नवे ग्रंथालय बांधून दिले. आज त्या इमारतीत महापुराचे संग्रहालय आहे. भरपाई हा हक्क असतो आणि ग्रंथालय ही देणगी असते. देणारा तोच असला तरी घेणाऱ्याचा कणा दोन्ही वेळी सारखा ताठ राहत नाही.

अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने चौकशी समिती नेमली होती. तिचा अहवाल तयार होऊनही बराच काळ दडून राहिला आणि १८९१ मध्ये बाहेर आला. मूळ उंची कायम असती तरी त्या पावसात पाणी माथ्यावरून गेलेच असते, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे क्लबने केलेले बदल जणू निमित्तालाही नव्हते. सव्वाशे वर्षांनी, २०१६ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी तळ्याची मापे नव्याने घेऊन गणित मांडले आणि तो निष्कर्ष खोडून काढला: माथा उतरविला नसता आणि पाणी वाहून जाण्याच्या मूळ सोयी कायम असत्या तर धरणाने तो पूर पेलला असता. तज्ज्ञांची समिती नेमली म्हणजे सत्य आपोआप बाहेर येते या समजुतीने आपणही किती वेळा स्वस्थ बसलो आहोत, हे आठवून पाहावे.

या प्रकरणाचा कायद्यावर मात्र खोल परिणाम झाला. इंग्लंडच्या उमराव सभेने १८६८ मध्ये रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात असे ठरविले होते की स्वतःच्या जमिनीवर धोकादायक वस्तू साठविणाऱ्याने ती निसटल्यास होणाऱ्या हानीची भरपाई केली पाहिजे, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होवो वा न होवो. योगायोग असा की तोही खटला तळ्याचाच. गिरणीमालकाच्या तळ्यातील पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरले होते. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने हे तत्त्व १८८६ मध्ये, म्हणजे महापुराच्या तीनच वर्षे आधी, झिडकारले होते. जॉन्सटाउननंतरच्या दशकांत अमेरिकेच्या अनेक राज्यांतील न्यायालयांनी ते स्वीकारले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भोपाळच्या पार्श्वभूमीवर, दिल्लीच्या वायुगळती प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये, घातक उद्योगांसाठी ते आणखी कडक केले आणि ईश्वरी करणीचा अपवादही काढून टाकला. मात्र ज्याच्या भरावातून पाणी पाझरते आहे असे धरण घातक मानावयाचे की नाही, हा प्रश्न गावाच्या पातळीवर अद्याप कोणी धसास लावलेला नाही.

आता थोडे अर्थशास्त्र. देखभालीवर किती खर्च करावा हे मालक कसे ठरवितो? दुरुस्तीचा खर्च एका बाजूला आणि धरण गेल्यास आपले किती जाईल हे दुसऱ्या बाजूला मांडून. क्लबचे काय जाणार होते? मासे, नौका आणि एक सुटी. या हिशेबाने त्यांनी केलेली दुरुस्ती पुरेशीच होती. जॉन्सटाउनची दोन हजार माणसे त्या वहीत कोठेच लिहिलेली नव्हती. पिगूंपासूनचे अर्थशास्त्रज्ञ यालाच बाह्य व्यय म्हणतात. विल्यम कॅप यांनी १९५० मध्ये या विषयावर ग्रंथ लिहून अधिक परखडपणे दाखविले की खासगी उद्योग असा व्यय समाजाच्या अंगावर ढकलतो तो अपवादाने नव्हे, नियमाने. रोनाल्ड कोस यांचा १९६० चा प्रसिद्ध युक्तिवाद येथे पुढे करण्यात येईल: वाटाघाटींना खर्च येत नसेल तर दोन्ही पक्ष आपसांत सौदा करून योग्य त्या निर्णयाला पोहोचतात. परंतु साउथ फोर्कला तर सौदा पुढे करण्यात आला होता! मॉरेल श्रीमंत होता, जाणकार होता, त्याच्या हाती तज्ज्ञाचा अहवाल होता आणि तो पैसे द्यावयास तयार होता. तरी त्याला नकार मिळाला. कारण नकार देणाऱ्याला नकाराची किंमत पडत नव्हती. मॉरेलची ही गत, तर झोपडीतल्या माणसाने कोणाशी आणि कशाच्या बळावर वाटाघाट करावी?

याहून महत्त्वाची गोष्ट मात्र निराळीच आहे आणि तिच्याकडे पाठ्यपुस्तकांचे लक्ष गेलेले नाही. साउथ फोर्कचे धरण करमणुकीसाठी बांधलेले नव्हते. ते करमणुकीसाठी उरले होते. ज्या कामासाठी धरण बांधले ते काम संपले की त्या कामाबरोबर येणारे अंदाजपत्रक संपते, चौकीदार जातो, नोंदवही बंद होते. पाणी मात्र राहते. पाण्याला आपण निवृत्त झाल्याचे कळत नाही. अशा वेळी कोणीतरी येऊन म्हणतो, येथे होड्या सोडू, बाग करू. आणि सर्वांना बरे वाटते, कारण ओसाड जागेला पुन्हा माणसांची जाग आली. परंतु होडीच्या तिकिटातून होडी रंगविली जाते, भराव दुरुस्त होत नाही.

हे केवळ एकोणिसाव्या शतकातच घडते असेही नाही. मिशिगन राज्यातील ईडनव्हिल धरण १९२० च्या दशकात विजेसाठी बांधले गेले. त्याच्या तळ्याकाठी सुटीची घरे उभी राहिली. मोठा पूर पेलण्याइतका सांडवा नाही म्हणून संघीय नियामकाने २०१८ मध्ये वीजनिर्मितीचा परवाना रद्द केला. वीज गेली, तिचे उत्पन्न गेले, संघीय देखरेखही गेली. तळे उरले, आणि तळ्याची पातळी उन्हाळ्यात किती असावी यावर वाद उरला. १९ मे २०२० रोजी ते फुटले आणि त्याखालचे दुसरे धरणही घेऊन गेले. वेळेवर इशारा मिळाल्याने दहा हजारांवर माणसे घरे सोडून गेली आणि जीवितहानी टळली. एकशे एकतीस वर्षांत झालेली प्रगती एवढीच: माणसे वाचली. धरणाचा हिशेब जुनाच राहिला.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, हा तर खासगी मालकीचा दोष. धरण सरकारचे असते तर हे घडते ना. मलाही तसे म्हणता आले असते तर लेख येथेच संपविता आला असता. पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथले धरण फुटले तेव्हा ते कोणा कार्नेगीचे नव्हते, सरकारचे होते. वीसहून अधिक माणसे गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. जॉन फुल्टनने १८८० मध्ये जे लिहिले तेच त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले होते. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी मग धरण खेकड्यांनी पोखरल्याचे सांगितले. एरवी तुच्छ लेखला जाणारा हा जीव त्या आठवड्यात महाराष्ट्रातील सर्वांत अधिकारी अभियंता ठरला! मातीच्या भरावात बिळे होतात, हे खोटे नाही. म्हणूनच तर भरावाची पाहणी करावयाची असते. खेकड्याला निविदा भरावी लागत नाही आणि त्याची बदलीही होत नाही. तो आपले काम नियमाने करतो. पाहणी करणाऱ्याने आपले केले नाही.

तेव्हा सार्वजनिक मालकी ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे, हे आपण समाजवाद्यांनी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. सरकार नावाचा मालकही काठावर राहतो, सांडव्याखाली नव्हे. त्याच्याही वहीत देखभालीचा रकाना शेवटचा. आपल्या नियोजनात कित्येक दशके नव्या बांधकामाला ‘योजनांतर्गत’ आणि देखभालीला ‘योजनेतर’ खर्च म्हणत. कपात करावयाची वेळ आली की योजनेतर खर्चाला प्रथम कात्री लागे. ती विभागणी २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून रद्द झाली, पण मनातून गेली नाही. नव्या बांधाचे भूमिपूजन होते. बांधावरील झुडपे उपटल्याचे उद्घाटन आजवर कोणी केलेले नाही.

धरण सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला, हे स्वागतार्ह आहे. पावसाळ्याआधी व नंतर पाहणी, आपत्काळाचा आराखडा, सुरक्षेची स्वतंत्र यंत्रणा अशी बंधने त्याने मालकावर घातली. पण ती कोणत्या धरणांना? पंधरा मीटरहून उंच असलेल्या सर्वांना; आणि दहा ते पंधरा मीटरमधील ज्यांची लांबी, साठा किंवा पूरविसर्ग ठरावीक मर्यादेवर आहे अथवा ज्यांचा पाया वा रचना विशेष आहे त्यांना. बाकीची बाहेर. देशात सर्वांत अधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून जास्त. आणि त्यांखेरीज भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे माजी मालगुजारी तलाव, गावोगावचे गावतलाव आणि पाझर तलाव. यांतील पुष्कळसे पाझर तलाव आपलेच आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर कामे काढा म्हणून आपण मोर्चे नेले, आणि दुष्काळी भागातील बायाबापड्यांनी टोपलीटोपलीने ते बांध घातले. त्या बांधांना आता पन्नास वर्षे होत आली. काम मिळाले म्हणून आपण जिंकलो आणि पुढच्या लढ्याला लागलो. त्यांच्या सांडव्याकडे परत जाऊन पाहिले का?

आता या तलावांवर ‘सुशोभीकरण’ नावाचे नवे संकट येऊ घातले आहे. भरावावर फरसबंद पायवाट, दिव्यांचे खांब, कारंजे, होड्यांचा धक्का. यातील काहीच वाईट नाही; गरिबाच्या पोराला होडीत बसण्याचा हक्क नाही असे मी म्हणणार नाही. लोणावळ्याचे भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधले; आज मुंबई-पुण्याचा श्रमिक वर्ग वर्षातून एक दिवस त्याच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसून भजी खातो, तर त्यात बिघडले काय? परंतु ३० जून २०२४ रोजी त्या धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा प्रशासनाने काय केले? बंदीचे आदेश काढले. करमणुकीच्या पाण्याची सुरक्षितता म्हणजे लोकांना दूर ठेवणे, एवढाच अर्थ त्यांना ठाऊक. अशी धरणे कोणाच्या नोंदवहीत आहेत, त्यांची शेवटची पाहणी कधी झाली आणि तीत काय आढळले, हे गावाला सांगण्याची प्रथा नाही. सुशोभीकरणाच्या कामाला परवानगी देताना तरी ते विचारले गेले पाहिजे: खांबासाठी खणलेला खड्डा भरावात किती खोल जातो? होड्यांना पाणी पुरावे म्हणून सांडव्यावर दोन फुटांची भिंत चढविली, तर पुराच्या रात्री ते दोन फूट कोणाच्या घरातून वजा होणार?

माझी सूचना साधी आहे. ज्या धरणाखाली वस्ती आहे त्या प्रत्येक धरणाच्या, मग त्याची उंची काहीही असो, पाहणीचा हक्क खालच्या गावांच्या समितीला कायद्याने असावा. मालक सरकार असो, नगरपालिका असो, कारखाना असो वा एखादे विश्रामस्थान. समितीच्या संमतीवाचून सांडव्यात, सांडव्याच्या वाटेत आणि भरावावर काहीही उभारता येऊ नये. पाणी सोडण्याच्या दाराची एक किल्ली तिच्याकडे असावी. आणि ज्या धरणाचे मूळ काम संपले आहे त्याच्या मालकाने दोनांपैकी एक निवडावे: देखभालीचा निधी बाजूला काढून दाखवावा किंवा बांध रीतसर उतरवून तळे मोडावे. दुसरा पर्याय ऐकून पर्यटनवाले नाराज होतील. होवोत.

गावकऱ्यांना यातले काय कळते, असे अभियंते म्हणतील. भरावाच्या पायथ्याशी ओल आहे का, झिरपणारे पाणी स्वच्छ येते की गढूळ, माथा मध्येच बसला आहे का, भरावावर झाडे वाढली आहेत का, सांडव्यात काय अडकले आहे, दार फिरते की गंजले, हे पाहण्यास पदवी लागत नाही. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहते आहे, एवढे एकदा सांगितले की शेतकऱ्याला पुन्हा सांगावे लागत नाही. अभियंत्याची गरज त्यानंतर लागते, आणि लागतेच; त्याला बोलाविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा खरा वाद आहे. माशांच्या जाळ्या साउथ फोर्कच्या मजुरांनीच उपसावयास घेतल्या होत्या. त्यांना ते आदल्या वर्षी सांगितले असते तर एका सकाळचे काम होते.

कायदा होईल तेव्हा होईल. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे; आपल्या तालुक्यातील प्रत्येक तलावाचा मालक कोण आणि शेवटची पाहणी कधी झाली, हे विचारणारा अर्ज दहा रुपयांत होतो. पंचायतींच्या विषयसूचीत लघुपाटबंधारे १९९२ च्या घटनादुरुस्तीपासूनच आहेत. १ मे रोजी ग्रामसभा भरते आणि त्यानंतर पावसाला जेमतेम पाच आठवडे उरतात. प्रत्येक शाखेने त्याआधी आपल्या भागातील एक तरी बांध पायी चालून पाहावा, आढळलेले कागदावर लिहावे, तारीख घालावी आणि तो कागद ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावा.